देव म्हणजे योजना अधिकारी नव्हे

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडात एक वाक्य कायम तयार असतं. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, बाळ पोटातच गेलं, वडिलांच्या रिपोर्टमध्ये नको ते निघालं, की कुणीतरी खांद्यावर हात ठेवतं आणि म्हणतं, “देवाची काहीतरी योजना असेल.” म्हणणारा मनापासून म्हणत असतो. ऐकणारा मान हलवतो. मग दोघं चहा पितात आणि आपापल्या घरी जातात.

हे वाक्य आपण आता बंद करायला हवं, असं माझं म्हणणं आहे. मी नास्तिक नाही. दर रविवारी उपासनेला जातो, जेवणाआधी प्रार्थना करतो, प्रॉडक्शनवर रिलीज जायच्या आधीही करतो (टेस्ट केसेस लिहून झाल्यावर). देव माणसाची काळजी घेतो, रोजच्या बारीकसारीक गोष्टींतही घेतो, असं मी मानतो. म्हणूनच या वाक्याचा मला राग येतो.

आधी ‘योजना’ हा शब्दच बघा. योजना म्हणजे काय हे आपल्या राज्यात कुणाला शिकवावं लागत नाही. योजनेला पात्रता असते, अर्ज असतो, कागदपत्रं असतात, शेवटची तारीख असते आणि लाभार्थ्यांची यादी असते. यादीत नाव नसलं की खिडकीपलीकडचा माणूस सांगतो, तुमचंच काहीतरी राहिलंय. केवायसी बघा. आमच्या मंडळ्यांमध्ये (मंडळी म्हणजे चर्च, पण इमारत नव्हे, माणसं) देवाच्या योजनेचं हेच झालंय. लाभ मिळाला नाही? प्रार्थना कमी पडली असेल. दशांश नीट देतोस ना? घरात एखादं लपलेलं पाप तर नाही? यूट्यूबवरचे काही प्रचारक याच्याही पुढे जातात आणि प्रवचनाच्या मध्येच स्क्रीनवर क्यूआर कोड आणतात. बी पेरा, शंभरपट उगवेल. हे ऐकून पैसे पाठवणारे लोक बहुतेक वेळा तेच असतात ज्यांच्याकडे पेरायला फारसं काही नसतं.

तरुणांमध्ये याची जरा चकचकीत आवृत्ती चालते. इथे देव करिअर कोच असतो. त्याच्याकडे माझ्या नावाचा रोडमॅप आहे: पॅकेज, ऑनसाइट, योग्य जोडीदार, स्वतःचा फ्लॅट. सध्या दिसतो तो उशीर, पण तोही रोडमॅपवरच आहे. या सगळ्याला आधार म्हणून एक वचन मगवर, मोबाईलच्या कव्हरवर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर झळकत असतं. यिर्मया, अध्याय २९, वचन ११. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचा विचार आहे, अहिताचा नाही, तुम्हाला भवितव्य आहे, आशा आहे, अशा अर्थाचं.

ते वचन खरंच सुंदर आहे. फक्त त्याच्या आधीचं वचन कुणी मगवर छापत नाही. यिर्मया २९ हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेममधून राजाला, कारागिरांना, लोहारांना, बऱ्याच लोकांना पकडून नेलं. त्या लोकांना यिर्मया संदेष्टा लिहितोय. आणि दहाव्या वचनात तो सांगतो की परत येण्याला सत्तर वर्षं लागतील. सत्तर. म्हणजे पत्र हातात घेऊन वाचणारा चाळिशीचा माणूस तिथेच मरणार. त्याची बायकोही. बहुतेक पोरंही. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा येतो आणि म्हणतो, छे, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना कोण आवडलं असेल ते सांगायला नको. पण पुस्तकात खोटा संदेष्टा म्हणून नोंद झाली आहे ती हनन्याची. आज स्टेटसवर यिर्मयाचं वचन ठेवणारे आपण बहुतेक सगळे मनातून हनन्याचेच श्रोते आहोत.

मग त्या सत्तर वर्षांत करायचं काय? यिर्मयाचं उत्तर अगदी संसारी आहे. घरं बांधा आणि राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करा. आणि ज्या शत्रूच्या शहरात आणून टाकलंय त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. यात वैयक्तिक रोडमॅप कुठेच नाही. सगळं अनेकवचनी आहे, आणि सगळं आजच्या कामाचं आहे.

‘योजने’पेक्षा जुना आणि खरा शब्द आमच्याकडे आहे, तो म्हणजे ‘बघणं’. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम डोंगरावरच्या एका जागेला ‘यहोवा यिरे’ असं नाव देतो. पुरवठा करणारा परमेश्वर असा त्याचा अर्थ सांगितला जातो, पण त्यातलं हिब्रू क्रियापद मुळात ‘पाहणे’ आहे. इंग्रजीतला ‘प्रॉव्हिडन्स’ लॅटिनमधून आलाय, त्याच्याही पोटात ‘आधी पाहणे’ आहे. त्याही आधी, घरातल्या छळाला कंटाळून रानात पळालेली गरोदर दासी हागार देवाला नाव देते तेही ‘पाहणारा देव’ असंच. आणि मराठीला तर इथे भाषांतराचीसुद्धा गरज पडत नाही. ‘गावी आईचं कोण बघतं?’ या प्रश्नात बघणं म्हणजे काय ते पोराटोरांनाही कळतं. औषध कोण आणतं, गॅस संपला की नंबर कोण लावतं, रात्री पडली तर फोन कुणाला जातो. आईसाठी माझ्याकडे योजना आहे असं कुणी म्हणालं तर आपण त्याच्याकडे संशयाने बघू.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, पाझर तलावाच्या भरावावर माती टाकली. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली, कामावर मिळालेली सुकडी पदराला बांधून पोरांसाठी घरी आणली. हे सगळं सांगून झालं की ती एवढंच म्हणायची, “देवानं बघितलं.” दुष्काळ देवाने कशासाठी तरी आणला असं ती कधीच म्हणाली नाही. तिच्या गोष्टीत देव दुष्काळाच्या बाजूला नसायचा, सुकडीच्या बाजूला असायचा. आणि तिच्या गोष्टीत माणसांची नावं असायची. हजेरी खरी लावणाऱ्या मुकादमाचं नाव. ज्या मळेवाल्याने आमच्या लोकांना विहिरीवर पाणी भरू दिलं त्याचं नाव. ज्याने भरू दिलं नाही त्याचंही नाव ती विसरली नव्हती. देवाने बघितलं म्हणजे या माणसाने बघितलं आणि त्या माणसाने तोंड फिरवलं, असा तिचा हिशेब होता. (आता कुणी म्हणेल, ती रोजगार हमी म्हणजे सरकारी योजनाच की. होय, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, म्हणजे काम मागणं हा हक्क झाला. भुकेला माणूस दिसल्यावर कुणीतरी काम काढलं. माझा आक्षेप दिसत असून यादीकडे बोट दाखवण्याला आहे.)

आमच्यासारख्यांना पिढ्यान्‌पिढ्या टोमणा ऐकावा लागलाय की तुमचे पूर्वज पोटासाठी बाटले. दुष्काळात मिशनऱ्यांनी धान्य दिलं म्हणून ख्रिस्ती झाले. माझ्या वयाची बरीच मुलं या टोमण्याने ओशाळतात आणि मग सिद्ध करू पाहतात की आमची श्रद्धा फार तात्त्विक होती. मला ओशाळायचं कारण दिसत नाही. ज्या धर्माची मुख्य प्रार्थना आजच्या दिवसाची भाकर मागते, त्या धर्माकडे भुकेला माणूस भाकरीसाठी आला तर तो चुकीच्या दारात आला असं कसं म्हणता येईल? शिवाय त्या प्रार्थनेत माझी भाकर नाही, आमची आहे. मागणीही एकाच दिवसाची आहे. निर्गमाच्या पुस्तकातल्या मान्न्यासारखीच. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी गरजेपुरतं गोळा करायला सांगितलं होतं, आणि ज्यांनी उद्यासाठी दाबून ठेवलं त्यांच्या भांड्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती आणि तेव्हा किडे पडले नाहीत. तेव्हा एसआयपी करणारे माझे मित्र घाबरू नयेत. मुद्दा साठवण्याचा नाही, शेजारच्याच्या भांड्यात किती आहे तिकडे न बघता साठवण्याचा आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसलो ती सांगतो. गेल्या वर्षी आमच्या तरुण संघातल्या एका मुलाची नोकरी गेली. टेस्टिंगमध्ये सहा वर्षांचा अनुभव. सकाळी अकराला पंधरा मिनिटांचा कॉल, दुपारी एकला लॅपटॉपचा ॲक्सेस बंद. घराचं कर्ज चालू, बायकोला पाचवा महिना. त्या रविवारी उपासनेनंतर मी त्याच्या शेजारीच उभा होतो. वीस मिनिटांत सात जणांनी त्याला योजनेचं वाक्य ऐकवलं. एका ताईंनी देव तुला नम्र करतोय असं सांगितलं. एकाने, ज्याच्या स्वतःच्या कंपनीत जागा निघाल्या होत्या, त्याने पाठ थोपटून ‘यापेक्षा मोठं काहीतरी येतंय’ असं सांगितलं. सीव्ही मात्र मागितला नाही.

आठवे आले ते अण्णा. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, “हप्ता किती तारखेला जातो रे?” तो म्हणाला, पाचला. “केवढा?” त्याने खालच्या आवाजात आकडा सांगितला. अण्णांनी खिशातली छोटी वही काढली, लिहून घेतलं, “मंगळवारी दोघं जेवायला या” म्हणाले आणि निघून गेले. त्या आठवड्यात त्यांनी चार घरी फोन केले. पुढचे दोन हप्ते त्या चार घरांनी मिळून भरले, उसने म्हणून, वहीत नाव आणि तारीख टाकून. अण्णांची सून नर्स आहे, तिने पुढच्या तपासण्या कुठे परवडतील ते बघितलं. अण्णांनी त्या मुलासमोर देवाचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. जेवणाआधीच्या प्रार्थनेत घेतलं असेल तेवढंच.

चौथ्या रविवारपासून तो मुलगा उपासनेला यायचा बंद झाला. अण्णांकडे मात्र जायचा. का येत नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाला, “तिकडे आलं की मला तुमच्यासाठी चेहरा बरा ठेवावा लागतो.”

माझा संताप या ‘तुमच्यासाठी’वर आहे, आणि तो त्याच्यावर नाही. ते वाक्य बोलणाऱ्याच्या सोयीचं आहे. समोरच्याचं दुःख बघताना जी भीती वाटते, की हे माझ्याही बाबतीत होऊ शकतं, ती भीती या वाक्याने झाकली जाते. नव्या करारात याकोबाच्या पत्रात याच्यावर स्पष्ट लिहिलंय. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही अशा माणसाला तुम्ही ‘ऊब घे, पोटभर खा’ अशा शुभेच्छा दिल्या आणि हातावर काही ठेवलं नाही, तर उपयोग काय? ईयोबाच्या पुस्तकातले मित्र तर याचा कळसच. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर चांगले होते. मग त्यांनी देवाचं धोरण समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, असा विषय लूकच्या शुभवर्तमानात निघतो. येशू म्हणतो, नाही. आणि मेलेल्यांची फाईल उघडण्याऐवजी ऐकणाऱ्यांना स्वतःकडे बघायला लावतो.

यावर मला हमखास योसेफाचं उदाहरण दिलं जातं. भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, वीस चांदीच्या नाण्यांना विकलं, पुढे तो मिसर देशाचा कारभारी झाला आणि दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिलं. तुम्ही वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. मग देवाची योजना आहेच की नाही? आहे. पण ते बोलतं कोण ते बघा. ज्याने भोगलं तो योसेफ बोलतो, कित्येक वर्षांनी, स्वतःच्या तोंडाने. आणि लगेच पुढच्या वचनात भावांना म्हणतो की घाबरू नका, तुमचं आणि तुमच्या पोराबाळांचं मी बघेन. हेच वाक्य भावांनी विहिरीच्या काठावरून वाकून आत बघत त्याला ऐकवलं असतं तर कसं वाटलं असतं? आपण रविवारी चहा पिताना नेमकं तेच करतो.

आणि हे टिकून राहतं ते आमच्या ‘साक्ष’ देण्याच्या पद्धतीमुळे. उपासनेत लोक उभे राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, ती साक्ष. चांगली प्रथा आहे. पण साक्ष द्यायला कुणाला बोलावलं जातं? ज्याला नोकरी परत मिळाली त्याला. जिची गाठ साधी निघाली तिला. ज्याचं तिकीट अजून ओपन आहे तो मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतो. आमच्या धंद्यात फक्त यशस्वी रिक्वेस्टचे लॉग ठेवून कुणी सर्व्हर उत्तम चाललाय म्हणालं तर त्याला पुढच्या मीटिंगला बोलावणार नाहीत. स्तोत्रसंहिता काढून बघा, त्यात तक्रारीची, रडण्याची, देवा तू झोपलास का असं विचारणारी स्तोत्रं ढिगाने आहेत. तीही त्या लोकांची उपासनाच होती. खुद्द येशूने गेथशेमानेच्या बागेत आधी हे टळू दे असंच मागितलं.

ऑफिसमधले माझे मित्र दुसऱ्या टोकाने बोलतात. त्यांच्या मते देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं. यातलेच दोघं रोज सकाळी डायरीत ‘युनिव्हर्स मला देणार आहे’ असं लिहितात आणि इन्स्टाग्रामवर ‘ट्रस्ट द प्रोसेस’ टाकतात. म्हणजे योजनाच, फक्त अधिकाऱ्याची पाटी बदललेली. त्यांना मी एवढंच सांगतो की भरवशावर जगलेल्या माणसांचं आयुष्य उघडून बघा. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांची गोष्ट आमच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी येते: आश्रमातली मुलं रिकाम्या ताटांसमोर बसलीत, म्युलर देवाचे आभार मानतायत, आणि बेकरीवाला दार वाजवतो. त्यांनी १८३६ मध्ये अनाथाश्रम सुरू केला, १८९८ मध्ये ते वारले, आणि तोवर सुमारे दहा हजार मुलं त्यांनी सांभाळली. पैसे कुणाकडे मागायचे नाहीत हा त्यांचा नियम होता. फॉरवर्डमध्ये जे नसतं ते हे, की आलेल्या देणग्यांचा हिशेब ते काटेकोर ठेवत आणि वर्षागणिक छापून लोकांपुढे मांडत. क्यूआर कोडवाल्यांनी हे वाचावं.

पंडिता रमाबाईंनी म्युलर यांचं चरित्र वाचलं होतं. १८७० च्या दशकात दुष्काळाच्या वर्षांत रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण गेली. भूक म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये देव देईल या भरवशावर त्या सगळ्या राहिल्या, आणि त्याच भरवशावर तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम झालं, छापखाना चालला. तिथे प्रार्थना आणि पहार यांत भांडण नव्हतं.

आमच्या मंडळीच्या वार्षिक हिशेबात साउंड सिस्टीमचं कलम आहे, रंगरंगोटीचं आहे, नाताळच्या सजावटीचं आहे. कापणीच्या सणाला लोक भोपळे, ऊस, ज्वारीची कणसं आणतात, त्यांचा लिलाव होतो, एखादा नारळ हौसेने हजार रुपयांना जातो, आणि तो पैसा सामान्य निधीत जमा होतो. नोकरी गेलेल्या, दवाखान्यात अडकलेल्या माणसासाठी वेगळं कलम नाही. अण्णांच्या वहीवर किती दिवस भागवणार? अण्णा एकाहत्तर वर्षांचे आहेत. लिलावाची निम्मी रक्कम अशा निधीला जावी, तीन जणांची समिती असावी, आणि कुणाचा हप्ता किती तारखेला आहे हे विचारायला तिला लाज वाटू नये, असा ठराव मी लिहिलाय.

तो मुलगा सध्या एका लहान कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, पगार आधीच्या निम्मा. मुलगी झालीय. रविवारी अजून येत नाही. ठराव त्यालाच पहिल्यांदा वाचायला दिला. त्याने दोन ठिकाणी भाषा सुधारली आणि ‘गरजू’ हा शब्द काढून टाकायला लावला.

कोषाध्यक्षांना मी मागच्या आठवड्यात ठराव दाखवला. ते म्हणाले, “बघू.” मी विचारलं, किती तारखेला?